सतरा नंबरचं फुरसं

१

वास फाटकापाशीच आला. इन्स्पेक्टर रोडा जेबिवोतनं जीपची काच वर केली, पण काचेला जुमानणारा वास नव्हता तो.

"अफांदे, रुमाल काढून ठेवा," कॉन्स्टेबल ओमारिबा गाडी चालवता चालवता म्हणाला. इथल्या पोलिसांत वरिष्ठाला 'अफांदे'च म्हणतात. "मागच्या वेळी तुम्ही पंचनाम्याच्या मधेच ओकला होतात."

"झाडामागे जाऊन ओकले होते. गाडी चालव."

मारिगात ठाण्यात रोडाच्या नाकाची चेष्टा जुनी होती. बाई नाकानं कांदे सोलते, असं सगळे म्हणत. अर्धी नोकरी तिनं गुरंचोरांच्या मागे काढली होती, शेणाच्या वासावरून कळप कुठल्या कुरणात चरून आलाय ते सांगायची, तेव्हा कुणी हसत नव्हतं. आता मात्र मुडद्यांशी गाठ पडायची आणि ती झाडामागे पळायची. त्यातून आज साप. सापाची तिला भीती नव्हती, किळस होती. भीतीपेक्षा किळस वाईट. भीती सवयीनं मरते, किळस मरत नाही.

कापतारा सरीसृप संशोधन केंद्राचे संचालक डॉक्टर सायलस कांदागोर सर्पघराच्या दारात उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, अंगाला अत्तर. अत्तर आणि कुजका वास एकत्र आले आणि रोडानं रुमाल काढला.

"सहा वर्षांचं काम मातीत गेलं, मॅडम," कांदागोर म्हणाले. "या फुरशांच्या विषापासून आम्ही प्रतिविष बनवत होतो. इथल्याच लोकांसाठी. आणि इथल्याच माणसानं घात केला."

आत पिंजऱ्यांची दारं सताड उघडी होती. खाली फरशीवर फुरशी पडली होती, वीतभर, दोन वीत लांबीची, करड्या रंगाची. सगळ्यांची डोकी ठेचलेली. मधोमध एक रक्त लागलेला दगड. माश्यांचा नुसता गोंगाट चालला होता.

"शेवटची जिवंत कुणी पाहिली?"

"काल संध्याकाळी. डॉक्टर मुकामी आणि राखणदार सिमियु, दोघांनी मिळून पाणी दिलं. रात्री कुलूप फुटलं. पहाटे सिमियुनं हे पाहिलं. आणि गुन्हेगार तर कबूलही झालाय. तुमची फक्त सही हवी."

तेही खरंच होतं. लोमुक नावाच्या पोकोत जमातीच्या धनगराची पोरगी गेल्या महिन्यात फुरसं चावून गेली होती, औषधासाठी आणली तेव्हा याच फाटकापाशी. तेव्हा लोमुक सगळ्यांसमोर ओरडला होता, की तुमच्या एकेका सापाचं डोकं ठेचीन. पहाटे त्याला झोपेतून उचलला तर म्हणाला, हो, मीच मारले. सोमवारी कोर्ट. सरकारी मालमत्ता आणि संरक्षित प्राणी. जन्मभर सडला असता. वरून साहेबांचा फोन येऊन गेला होता, की रोडा, उगाच साप साप म्हणून भुई धोपटत बसू नकोस, आरोपपत्र लिही आणि मोकळी हो.

सही करून पळावं, असं रोडाच्या मनात येऊन गेलं. पण नाक आडवं आलं. रात्री मेलेलं जनावर सकाळी सातला असं घाण मारत नाही.

ती नाइलाजानं वाकली. एका फुरशाच्या फुटलेल्या डोक्यात अळ्या होत्या, तांदळाएवढ्या, पांढऱ्या. तिनं श्वास रोखून पेन्सिलीचं टोक लावलं. मग दुसऱ्या सापाला लावलं, तिसऱ्याला लावलं.

अळ्या भरपूर होत्या. पण एकही हलत नव्हती.

२

"ही घाण दुपारी जाळून टाकतो," कांदागोर म्हणाले. "मागे खड्डा तयार आहे, डिझेलही आणलंय. रोगराई पसरायला नको."

"मी सांगेपर्यंत काडी लावायची नाही."

"मॅडम, एवढ्या उन्हात..."

"माझं नाक तुमच्यापेक्षा जास्त तक्रार करतंय, डॉक्टर. त्यालाही मी थांबायला सांगितलंय."

कांदागोर हसले आणि तिला जेवायला घेऊन गेले. पाहुण्यांचा बंगला केंद्राच्या दुसऱ्या टोकाला होता, परदेशी शास्त्रज्ञांसाठी बांधलेला. झालर लावलेले पडदे, गार फरशी. भाजलेलं बोकडाचं मटण आलं, मक्याच्या पिठाची उगाली आली, कोळशाची पूड घातलेलं आंबट दूध आलं. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. रोडा तो वास डोक्यातून काढायला म्हणून खात राहिली, आणि मटण चांगलं होतं.

"लोमुकला एवढं मोठं कुलूप एकट्याला फोडता आलं असेल?" तिनं विचारलं.

कांदागोरांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? मलाही शंका आहे. कुणीतरी आतून मदत केली असावी. डॉक्टर मुकामी नैरोबीच्या. हुशार आहेत, पण माझ्यावर खार खातात. त्यांचं म्हणणं, संशोधन त्यांचं आणि नाव माझं. सिमियु त्यांच्या पुढं-पुढं करतो. मी काही आरोप करत नाही हं."

"छे, मुळीच नाही," रोडा म्हणाली.

"साप मेले की केंद्र बंद, माझी अब्रू गेली. एवढंच पाहिजे असेल कुणाला."

"लोमुकच्या पोरीला तुम्ही औषध का दिलं नाही?"

प्रश्न ताटात माशी पडावी तसा पडला. कांदागोरांनी हात पुसले. "परवाना आला नव्हता. नमुन्याच्या बाटल्या होत्या, पण माणसावर वापरायची परवानगी नव्हती. उद्या काही झालं असतं तर? विज्ञानाला शिस्त असते, मॅडम. मला काय कमी वाईट वाटलं? फाटकाशी मी स्वतः उभा होतो."

"बाटल्या होत्या," रोडा म्हणाली.

"परवाना नव्हता."

घास तिच्या तोंडात फिरायला लागला. तिनं तो गिळला आणि उठली. दारात ओमारिबा उभा होता.

"अफांदे, कोळसा विकणाऱ्या बायकांशी बोललो. त्या खिदळत होत्या. म्हणतात, या केंद्रातला कुणीतरी पावसाळा लागल्यापासून मेलेले साप विकत घेतोय. निरोप्या येतो, पोतं भरून नेतो. जिवंत सापाचं समजू शकतो, म्हणाल्या, पण ठेचून टाकलेल्या सापाचं हे लोक करतात काय? कालवण?"

३

चौकीची कोठडी म्हणजे पत्र्याची खोली. बाहेर बाभळीखाली एक बाई सुकवलेल्या भोपळ्यात दूध घेऊन बसली होती. लोमुकची बायको. तिनं रोडाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

लोमुक उंच, वाळका माणूस होता. उकिडवा बसला होता, गुडघ्यांवर हात टाकून.

"लोमुक, साप तू मारलेस?"

"मारले."

"कशानं?"

"काठीनं."

"सगळे?"

"एकही सोडला नाही."

"पिंजऱ्यातून बाहेर कसे काढलेस?"

तो घुटमळला. "हातानं."

रोडाला हसू यावं की रडू ते कळेना. फुरशांच्या ढिगात रात्रीच्या अंधारात हात घालून हा माणूस धडधाकट बसला होता.

"तिथं काठी नव्हती, बाबा. दगड होता."

"मग दगडानं."

"का खोटं बोलतोस? जन्मभर आत जाशील. तुझ्या शेळ्या कोण बघेल? बायकोचं काय?"

लोमुकनं पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही लिहा ना, मॅडम. तुम्हाला कुणीतरी पाहिजे, मी हो म्हणतोय. तुमचं काय जातं?"

रोडानं आजवर अनेक खोटारडे पाहिले होते. सगळे सुटण्यासाठी खोटं बोलत. अडकण्यासाठी एवढ्या कळकळीनं खोटं बोलणारा हा पहिलाच. तिला त्याचा राग आला आणि साहेबांचा त्याहून जास्त आला, कारण हे कबुलीपत्र त्यांना दोन मिनिटांत पटलं होतं.

बाहेर येताना बाई म्हणाली, "दूध देऊ द्याल का त्याला?"

"द्या," रोडा म्हणाली. "पहारेकऱ्याला मी सांगते."

"सोडणार का त्याला?"

"माझ्या हातात असेल तर."

"तुमच्या हातात असतं का काही?" बाईनं विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. रोडा जीपमध्ये बसली.

४

डॉक्टर लोइस मुकामी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसल्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांना सकाळपासून सर्पघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. संचालकांचा हुकूम, म्हणे पुरावे बिघडतील.

"पुरावे जाळायला मात्र डिझेल आणलंय," रोडा म्हणाली.

"ते तसेच आहेत. मी सहा वर्षं विष काढायचं आणि निबंधावर पहिलं नाव त्यांचं. आयत्या बिळावर नागोबा. पण म्हणून मी माझीच जनावरं मारीन का?"

"शीतपेटी आहे तुमच्याकडे? बर्फ जमेल अशी?"

"होती. पावसाळ्याआधीच बिघडली. दुरुस्तीला सांगून थकले. आता त्यात सिमियु चपला ठेवतो."

रोडानं हातातली मेलेल्या फुरशांची बादली खाली ठेवली आणि झाकण काढलं. मुकामींनी नाक धरलं नाही. रोडाला त्याचं आश्चर्य वाटलं आणि थोडा हेवाही.

"ओळखा बरं यांना. तुम्ही एक साप दुसऱ्यापासून वेगळा कसा ओळखता?"

"पोटावरून." मुकामींनी एक फुरसं उलटं केलं. "पोटावर या आडव्या पट्ट्या असतात ना, त्यातल्या ठरलेल्या पट्टीचा कोपरा कातरतो. कुठली पट्टी कातरलीय त्यावरून नंबर. हे नऊ. हे बावीस."

रोडा नाइलाजानं पुढे वाकली. आणि वाकली ती वाकलेलीच राहिली. किळस क्षणभर कुठल्या कुठे गेली.

"अहो, ही तर शेळीच्या कानाची खूण."

"काय?"

"आम्ही करडाचा कान कापतो, कुणाचं करडू ते कळावं म्हणून. जखम भरते, कड जाड होते, गोल होते. चोर काय करतो, चोरलेल्या शेळीच्या कानावर आपली खूण मारतो. ती ताजी असते, कड धारदार असते. अर्ध्या नोकरीत मी एवढंच पाहिलंय, कान. डॉक्टर, तुमच्या नऊ नंबरची खूण कधीची?"

"तीन वर्षांपूर्वीची." मुकामींचा आवाज बारीक झाला. त्यांनी साप डोळ्यांजवळ नेला. "दर वेळी कात टाकली की ती भरत जाते, पांढुरकी होते. ही... ही भरलेली नाही. रक्तसुद्धा आलेलं नाही."

"म्हणजे मेल्यावर कातरली."

"म्हणजे ही आमची फुरशी नाहीत?"

"नाहीत. कुठली तरी रानातली, कोळसेवाल्यांनी ठेचलेली, पावसाळ्यापासून साठवलेली. अळ्या पडल्यावर बर्फात घातली, अळ्या मेल्या. काल रात्री आणून इथं मांडली. तुमची गेली दुसरीकडे, जिवंत." रोडानं श्वास सोडला. "लोमुकला तुमचे नंबर ठाऊक नाहीत. हे काम आतल्या माणसाचं. तुम्ही, सिमियु किंवा संचालक. तिघांतलं एक."

मुकामी ऐकत नव्हत्या. बादलीतून त्यांनी तिसरं फुरसं काढलं होतं. पोट बघून त्यांनी ते पटकन परत टाकलं.

"कितवं होतं ते?"

"वाचता येत नाही."

"डॉक्टर, मघाशी दोन झटक्यात वाचलीत."

"सतरा," मुकामी म्हणाल्या, आणि त्यांनी बादलीवर झाकण दाबलं.

५

सिमियु बुंगोमाकडचा, पोट सुटलेला, बोलघेवडा गडी. रोडानं "सतरा नंबर" एवढंच म्हटलं आणि त्याची बोलती बंद झाली.

"सिमियु, मी सांगितलं नाही," मुकामी मागून म्हणाल्या. "पण आता सांग. माणूस तुरुंगात चाललाय."

"माझी नोकरी जाईल, मॅडम."

"माझ्या पोटातलं जेवण जाईल आता, इथं अजून उभी राहिले तर," रोडा म्हणाली. "पटकन बोल."

सतरा नंबरचं फुरसं मागेच मेलं होतं. तोंड सडून मेलं. पण संचालकांनी दम दिला होता, आणखी एक साप मेला तर तुझी हकालपट्टी. सिमियुनं रडारड केली, मुकामींना दया आली. सिमियुनं मेलेलं फुरसं संडासामागे पुरलं. दोघांनी मिळून रानातलं एक पकडून रिकाम्या पिंजऱ्यात सोडलं. पिंजऱ्यावरची सतराची पाटी तशीच राहिली.

"नव्याच्या पोटावर खूण केली?"

"नाही. खूण करायची म्हणजे जोखीम. एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं कातरायचं. शिवाय हत्यारं संचालकांच्या कपाटात. मागायला गेलो असतो तर विचारलं असतं, कशाला?" सिमियुनं घाम पुसला. "आम्ही म्हटलं, पोट उलटं करून बघतंय कोण? साहेब तर विष काढायच्या दिवशीही फोटोपुरते येतात."

"मग चोरानं साप नेताना नाही बघितलं?"

"एकटा माणूस आकडीनं उचलतो आणि पिशवीत टाकतो. फुरसं हातात धरून त्याचं पोट वाचत बसायला वेड लागलंय का?"

"खणून दाखव."

"काय?"

"जे पुरलंयस ते."

संडासामागची ती माती, ते ऊन आणि तो खड्डा रोडा जन्मात विसरणार नव्हती. सिमियु खणत होता, ओमारिबा देवाचं नाव घेत होता, रोडा रुमालात तोंड घालून उभी होती. कातडीची एक वळकटी निघाली, आत हाडं. मुकामींनी ती पाण्यात धुतली आणि उन्हात धरली. पोटाच्या एका पट्टीचा कोपरा नव्हता. कड भरलेली होती, जाड, पांढुरकी. जुन्या शेळीच्या कानासारखी.

"हे खरं सतरा," मुकामी म्हणाल्या.

रोडानं बादलीतल्या सतराकडे पाहिलं, मग या सतराकडे.

"फुरसं कितीही विषारी असलं तरी दोनदा मरत नाही," ती म्हणाली. "ओमारिबा, बंगल्याच्या स्वयंपाकघरात कुणाला जाऊ देऊ नकोस."

६

कांदागोर बंगल्याच्या पडवीत फोनवर बोलत होते. रोडाला बघून त्यांनी फोन ठेवला. "झालं का, मॅडम? आरोपपत्र?"

"एक अडचण आहे. त्या सापांच्या पोटावरचे नंबर मेल्यावर कातरलेत."

कांदागोरांनी क्षणभर डोळे मिटले. मग मान हलवली, दुःखानं. "मुकामी. मला वाटलंच होतं. हे त्यांनाच जमतं."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण मांडलेल्या मढ्यांत सतरा नंबर आहे. नंबर अगदी बरोबर कातरलाय, व्यवस्थित."

"मग?"

"सतरा नंबर कधीच मेलंय. पिंजऱ्यात बिनखुणेचं दुसरं होतं. सिमियुला ते ठाऊक होतं, त्यानंच पुरलं. मुकामींना ठाऊक होतं, त्यांनीच नवं पकडून दिलं. या दोघांतल्या कुणी सोंग रचलं असतं तर सतराच्या जागी बिनखुणेचं मढं टाकलं असतं. मेलेल्याला पुन्हा कशाला कातरत बसले असते? ज्यानं कातरलं त्याला पिंजऱ्यावरची पाटी तेवढी माहीत होती. ज्याला आपल्या घरातलं जनावर मेलेलंही कळलं नाही असा इथं एकच माणूस आहे, डॉक्टर."

कांदागोरांनी कोटाची बाही सरळ केली. त्यांच्या अत्तराचा वास आता रोडाला असह्य झाला.

"हा तर्क आहे," ते शेवटी म्हणाले. "पुरावा नाही."

"दुपारचं मटण कुठलं होतं?"

"मटण?"

"चांगलं होतं, म्हणून विचारते. या केंद्रात बर्फ जमणारी शीतपेटी एकच उरलीय."

कांदागोरांचं तोंड उघडं राहिलं. रोडानं पुढं ऐकलं नाही, ती आत गेली. ओमारिबानं पेटीचं झाकण उघडलं होतं. वर बोकडाच्या तंगड्या, पाहुण्यांसाठी. त्यानं त्या एकेक करून बाहेर काढल्या. खाली रिकाम्या पोत्यांची घडी होती. पोत्यांना, पेटीच्या तळाला, बर्फाच्या पापुद्र्यात करडे खवले चिकटले होते, आणि पांढऱ्या, तांदळाएवढ्या अळ्या. तंगड्यांतून निथळलेलं रक्त त्याच बर्फात गोठलं होतं.

रोडा मागच्या दारानं बाहेर पडली आणि संचालकांच्या गुलाबांत भडाभडा ओकली. उगाली गेली, दूध गेलं, बोकड गेला. तिला वाटलं आतडीही येतील. आपण जिला सापाची किळस म्हणत होतो ती काहीच नव्हती, असं तिच्या मनात आलं. साप बिचारा आपल्या वाटेनं जातो. मढ्यांवर मटण ठेवून पाहुण्यांना वाढणारा माणूसच.

परत आली तेव्हा ओमारिबानं पाहुण्यांची कुलूपबंद खोली उघडली होती. जमिनीवर गाठ मारलेल्या कापडी पिशव्यांच्या रांगा होत्या. पिशव्या हलत होत्या, आणि सगळ्या खोलीत लाकडावर करवत फिरावी तसा आवाज चालला होता. अंगाला अंग घासून फुरशी चिडत होती. तो आवाज ऐकून रोडाला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं नवल वाटलं.

"गिऱ्हाईक कुठलं?" तिनं विचारलं.

"परदेशी," कांदागोर खुर्चीत बसून म्हणाले. आवाजातली इस्त्री गेली होती. "हौशी लोक असतात, घरात पाळतात. कुणाला विषासाठी पाहिजेत. मी आधी रोगानं मेली असंच सांगणार होतो. पण रानातली सगळी डोकं ठेचलेलीच मिळायची. मग तो लोमुक फाटकावर ओरडला."

"आणि तुमचं काम झालं. पोरगी मेली, बापानं टाहो फोडला, तुम्हाला चोर मिळाला. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच."

"मी तिला मारलं नाही, मॅडम."

मुकामी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं, ऑफिसातल्या फ्रिजमधून आणलेलं. बाटल्या ठेवायला खाचा होत्या, निम्म्या रिकाम्या.

"परवाना नव्हता ना?" त्यांनी विचारलं. "मग या गेल्या कुठं?"

कांदागोर खिडकीकडे वळले. रोडानं पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तळ्यावरच्या पर्यटकांच्या हॉटेलाला. त्यांना जवळ औषध ठेवावं लागतं. गोऱ्या पाहुण्यांना काही झालं तर."

ओमारिबानं कमरेच्या बेड्या काढल्या.

७

कोठडीचं दार उघडलं तरी लोमुक उठला नाही.

"चल. सुटलास तू," रोडा म्हणाली. "साप तू मारले नाहीस. कुणीच मारले नाहीत. डॉक्टरनं लपवले होते, विकायला."

"जिवंत आहेत?"

"सगळे."

लोमुकनं जमिनीवर बोटानं एक रेघ ओढली. "ओरडलो मी त्या दिवशी," तो म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग घरी गेलो आणि शेळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी शेळ्या सोडल्या. काही केलं नाही. बायको बोलायची बंद झाली माझ्याशी. आज पहाटे पोलीस आले, म्हणाले, साप मेले, तूच ना? मला वाटलं, निदान हे तरी माझ्या नावावर राहू दे. म्हणालो, हो." त्यानं भिंतीला टेकून डोकं मागे टाकलं. "दूध घेऊन आली ती. महिन्यानंतर पहिला शब्द बोलली. म्हणाली, पी. आता तिला काय सांगू?"

रोडानं त्याला तिथंच बसू दिलं आणि बाहेर बाभळीखाली गेली. तिनं त्याच्या बायकोला सगळं सांगितलं, साधं, एकापुढे एक.

बाईनं ऐकून घेतलं. "यानं काही मारलं नाही ते मला सकाळीच कळलं होतं," ती म्हणाली. "कोंबडी कापायची तर शेजाऱ्याला बोलावतो. पण तिच्यासाठी तो हो म्हणाला, म्हणून मी आले."

मग तिनं विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरकडे औषध होतं का?"

रोडा म्हणाली, "होतं."

"दिलं असतं तर?"

"त्या डॉक्टरीणबाई म्हणतात, वाचली असती."

बाई रडली नाही, ओरडली नाही. रोडाच्या गणवेशाकडे, खांद्यावरच्या पट्ट्यांकडे तिनं नीट पाहिलं.

"साप मेले तर तुम्ही सकाळीच आलात," ती म्हणाली. "गाडी घेऊन, माणसं घेऊन. मातीसुद्धा खणून बघितलीत. माझी पोर फाटकाशी गेली तेव्हा कुणी आलं नाही. ती कशानं मेली, कुणी विचारलंही नाही."

दिवसभर रोडाला ज्याची त्याची किळस आली होती; सापांची, मढ्यांची, मटणाची, कांदागोरांची. आता ती येऊन तिच्या स्वतःच्या खाकी कपड्यांवर थांबली. फाटकाशी पोरगी गेल्याची बातमी ठाण्यात आली होती तेव्हा ती तिथंच होती. सर्पदंश, म्हणून तिनं ऐकलं होतं आणि चहा मागवला होता. आजही तिनं सकाळपासून नऊ, बावीस, सतरा, सगळ्यांची चौकशी केली होती. पोरीला मात्र सगळ्यांनीच लोमुकची पोर म्हटलं होतं, आणि तिनंही तेवढ्यावरच भागवलं होतं.

ती खाली मातीत बसली, बाईच्या समोर.

"आता विचारते," ती म्हणाली. "तिचं नाव काय होतं?"

"चेपुराय," बाई म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.